सिस्टरने सांगितलेला सिनेमा

माझ्या मावशीला सगळे सिस्टर म्हणतात. शेजारीपाजारी म्हणतात, दूध टाकणारा म्हणतो आणि तिचा सख्खा नवराही म्हणतो. बायकोला भर रस्त्यात 'सिस्टर, जरा थांब' अशी हाक मारणारा जावई माझ्या आजीच्या शेवटपर्यंत पचनी पडला नाही. काकांचं म्हणणं साधं होतं. ओळख झाली तेव्हा ती सिस्टर होती, मग मध्येच नाव कशाला बदलायचं?

ओळख रुग्णालयातच झाली. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा रुग्णालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत मावशी होती, सोबत औषधांची गाडी. काकांनी वरून काम करता करता, तिने घाबरू नये म्हणून, फटीतून तिला एका अमेरिकन सिनेमाची गोष्ट सांगितली. ती घाबरलेली नव्हतीच. घाबरायची तिला सवय नाही. पण गोष्ट तिने ऐकून घेतली आणि लिफ्ट चालू झाल्यावर वर न बघता म्हणाली, "शेवट राहिला." शेवट सांगायला काका दुसऱ्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून आले. पुढचं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

तो शेवटही पाठ आहे. लहान गावातला एक करारी न्यायाधीश, त्याचं मोठं पांढरं घर, आणि बापाशी भांडून घर सोडून निघालेली धाकटी मुलगी. रस्ता वळतो तिथे ती थांबते. हातातली बॅग खाली ठेवते, मागे वळते, आणि एक बोट वर करून लांबून घराच्या खिडक्या मोजते. परत येईन तेव्हा एकही कमी भरता कामा नये, अशी. मग बॅग उचलते आणि जाते. काका हे सांगताना स्वतःचं बोट हवेत फिरवायचे आणि समोर बसलेला माणूस डोळे पुसायला लागायचा. मीही पुसले आहेत, आणि मी काही हळव्या मनाची नाही. मी शाळेत भूगोल शिकवते.

हा सिनेमा जगभर नावाजलेला. काकांनी तो विशीत, एकदाच पाहिला होता. पुढे त्यांनी चार मित्र जमवून चित्रपट मंडळ काढलं, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अमेरिकेतले मोठमोठे, गंभीर, काळेपांढरे सिनेमे दाखवले, पण या सिनेमाची रिळं मंडळाला कधी मिळाली नाहीत. मिळण्यासारखी झाली तोवर काका म्हणायला लागले होते की मला तो तोंडपाठ आहे, त्यात परत काय बघायचं. मंडळात मी लहानपणापासून जायचे. खोटं कशाला बोलू, मला झोप यायची. पण तिथे झोप आली तरी चेहरा विचारात बुडाल्यासारखा ठेवायची पद्धत होती आणि ती मला छान जमायची. मावशी मात्र तिथे कधीच आली नाही. रुग्णालयात तिच्या दिवसरात्रीच्या पाळ्या असायच्या, आणि पाळी नसली की झोप पुरी करायची असायची.

मग काकांना काचबिंदू झाला. एक डोळा गेला, आणि जपत जपत वापरलेला दुसराही गेला. मावशी तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. काही महिने काका भिंतीकडे तोंड करून बसले. कोणाशी धड बोलेनात, जेवणावर राग काढायला लागले. एके दिवशी मात्र खुर्ची फिरवून म्हणाले, "सिस्टर, सिनेमे तू बघ आणि मला सांग. इंग्रजी मला कळतं. मधे काय दिसतं तेवढं सांग."

तेव्हापासून दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या टीव्हीसमोर शेजारी शेजारी लागायच्या. मी समोरच्याच इमारतीत राहते, त्यामुळे सिनेमा मिळवून लावून देणं माझ्याकडे आलं. पुष्कळदा मी चहाच्या मिषाने तिथेच रेंगाळायचे, कारण मावशीचं सांगणं ऐकण्यासारखं होतं.

पाळी संपली की पुढच्या नर्सला वॉर्ड सोपवावा लागतो. कुठला पेशंट कसा आहे, काय दिलं, काय द्यायचं आहे. त्यात 'बिचारा' नसतं, 'फारच' नसतं, 'मला वाटतं' तर मुळीच नसतं. मावशीचा सगळा जन्म तसं बोलण्यात गेला होता आणि सिनेमाही ती तसाच सांगायची.

"बाई खिडकीपाशी आली. उभी आहे. अजून उभी आहे."

"चेहरा कसा आहे?" काका पुढे झुकायचे.

"अर्धाच दिसतोय. अर्ध्यावर अंधार आहे."

"तो अंधार जगप्रसिद्ध आहे, सिस्टर. त्या अंधारावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत."

"असेल. पण मला बाई दिसत नाहीये."

सिनेमा संपला की काका न चुकता विचारायचे, कसा वाटला? आणि मावशी तितकंच न चुकता सांगायची की निराशा झाली. मुद्दाम नाही. आवडून घ्यायला ती तयार होऊन बसायची, चष्मा पुसून. नवऱ्याने आयुष्यभर ज्यांचे गोडवे गायले ते सिनेमे आपल्याला आवडावेत असं तिला मनापासून वाटत होतं. आवडायचे नाहीत, त्याला ती तरी काय करणार?

"प्रत्येकाच्या पोटात एक गुपित असतं," ती म्हणायची. "सिनेमाभर ते दाबून धरतात आणि मग जेवणाच्या टेबलावर ओरडून सांगतात. सांगितलं की सगळे मोकळे. ताटं तशीच टाकून निघून जातात. ती उचलतं कोण, ते दाखवत नाहीत."

"अगं, ते महत्त्वाचं नाही."

"आणि एक जण बोलायला लागला की बाकीचे गप्प. आपल्या घरी असं कधी झालंय का?"

काका चिडायचे. जगातल्या मोठ्या लोकांनी वाखाणलेले सिनेमे आहेत हे, म्हणायचे. मावशी म्हणायची, "त्यांना आवडले असतील. तुम्ही मला विचारलंत म्हणून मी माझं सांगितलं." पण हळूहळू एक गंमत झाली. चित्र गेलं आणि नुसता आवाज उरला तेव्हा काकांनाच या थोर सिनेमांमध्ये काहीबाही खटकायला लागलं. एकदा ते मध्येच म्हणाले, "हे व्हायोलिनवाले माणसांच्या आधीच का रडतात?" आणखी एकदा, ज्या नटाची ते पूजा करायचे त्याचं लांबलचक भाषण चालू असताना, खाली मान घालून म्हणाले, "हा एवढा बडबड्या होता हे माझ्या लक्षातच नव्हतं." त्या दिवशी मावशीने गुपचूप त्यांचा चहा जरा गोड केला.

आवडलेली एकच जागा मला आठवते. कुठल्याशा सिनेमात मुलगा लढाईवरून परत येणार नसल्याचं कळलेली आई ताटली पुसत असते. मावशी सांगत होती, "ताटली पुसतेय. कोरडी झाली. तरी पुसतेय. दुसरी घेतली नाही, तीच पुसतेय. आता थांबली. नाही, पुसतेय." सिनेमा पुढे कोर्टात पोचला तरी मावशी थोडा वेळ त्या ताटलीपाशीच होती. काका अजिबात हलले नाहीत. मीही नाही. मला ती ताटली पडद्यापेक्षा तिच्या शब्दांतच जास्त स्पष्ट दिसली, आणि या बाईचं मला किती कौतुक वाटतं हे तेव्हा लख्ख कळलं.

एकदा मी स्वयंपाकघरात तिला म्हटलं होतं, "थोडं रंगवून सांग की. त्यांना बरं वाटेल."

"रंगवायला लागले तर त्यांना खरं काय ते कसं कळणार?" ती म्हणाली. "उद्या मी पायरी आहे म्हटलं तर पाय टाकायचा की नाही, याचा त्यांना विचार करावा लागेल."

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा कार्यवाह घरी आले. हे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी आणि काकांचे जुने चेले. आपल्या सगळ्यात आवडत्या सिनेमावर काकांनी बोलावं, अशी त्यांनी विनंती केली. कुठला सिनेमा ते विचारायची गरजच नव्हती. काका खुलले. कार्यवाह गेल्यावर मावशीला म्हणाले, "तू तो कधी पाहिलाच नाहीस ना? आता बघ. हा तुला आवडेल."

मी सिनेमा लावून दिला आणि शाळेत गेले. मावशीने त्या दुपारी केस नीट विंचरले होते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिला होता. आपलं लग्न ज्या मुलीमुळे जमलं तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटायचं होतं, म्हणजे तेवढं हवंच.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि चप्पल न काढता दारातच उभी राहून म्हणाली, "ती वळत नाही."

"कोण?"

"न्यायाधीशाची मुलगी. घरातून निघते, पुढे मोटार उभी असते, मोटारीत बसते. दार लागतं. मोटार जाते. बॅग खाली ठेवत नाही, काही नाही. मी त्यांना तसंच सांगितलं."

काकांनी आधी हसून घेतलं. पापणी लवली असेल, म्हणाले. मागे नेऊन परत बघायला लावलं. मावशीने परत बघितलं आणि परत तेच सांगितलं. तेव्हा त्यांचा तोल गेला. म्हणाले, "तुला यातला एकही सिनेमा आवडला नाही. तू मनात धरूनच बसतेस. यांच्यातलं चांगलं तेवढं गाळून तू मला सांगत असशील. मला काय दिसतंय?"

हे मला सांगताना मावशीचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात पर्सच्या बंदाशी चाळा करत होते. तिच्यावर लोकांनी उद्धटपणाचे, कडकपणाचे, शिस्तीचा बाऊ करण्याचे आरोप केलेले मी ऐकले आहेत. गाळून सांगतेस, असं तिला कोणीही कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर त्या घरात जे चाललं ते बघवत नव्हतं. काका तिला वेळ विचारायचे आणि तिने सांगितली की रेडिओ लावून खात्री करून घ्यायचे. ती म्हणायची, पायरी आहे, तर ते थांबून काठीने ठोकून बघायचे. चहा उजवीकडे ठेवलाय म्हटलं की डावीकडून चाचपत यायचे, आणि एकदा सगळा कप अंगावर घेतला. मावशीने पुसून घेतलं आणि दुसरा कप परत उजवीकडेच ठेवला. काकांचा स्वभाव तसा वाईट नाही, पण त्या दिवसांत मला त्यांचा संताप आला होता. ते अंधारात होतेच. आता हाताला धरणारं माणूसही त्यांनी दूर ढकललं होतं, आणि वर स्वतःच भेदरले होते.

त्यात कार्यवाहांनी तेल ओतलं. काकांनी त्यांना फोन केला तर ते ठामपणे म्हणाले, "वळते म्हणजे काय, वळतेच. मी दोनदा पाहिलाय. खिडक्या मोजते." मंडळातल्या आणखी दोघातिघांनी तसंच सांगितलं. काकांच्या तोंडून ती जागा इतक्या वेळा ऐकली होती की आपण ती पडद्यावर पाहिली, असं सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

मी मावशीला म्हटलं, "सांगून टाक ना, चुकलं माझं, वळते. त्या दिवशी फक्त भाषण आहे, सिनेमा कोणी दाखवणार नाहीये. कुणाला कळणार?"

"मला," ती म्हणाली. "आणि मग रोज दुपारी मी काय सांगायचं? त्यांना जे हवं ते?" मग म्हणाली, "रविवारी तू ये. धोक्याचं इंजेक्शन एकटीने द्यायचं नसतं. दुसरीने बाटली बघायची असते. तू बघ आणि तूच सांग. मी बोलणार नाही."

मी गेले ती खोटं बोलायचं ठरवूनच. माझ्यापुरता हिशोब सोपा होता. म्हाताऱ्या माणसाकडे एक चित्र उरलंय, ते कशाला काढून घ्यायचं? मी म्हणणार, वळते. मावशी रागावेल, मग विसरेल, घरात चहा पुन्हा उजवीकडे मिळायला लागेल.

शेवटची पाच-सात मिनिटंच लावली. मावशी मागे पलंगावर हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्या खुर्चीत. "घरातून बाहेर आली," मी सांगायला लागले. "हातात बॅग आहे. चालतेय." काकांचा चेहरा टीव्हीकडे नव्हता, माझ्याकडे होता. तोंड जरासं उघडं. माझ्या तोंडून पुढचा शब्द निघायच्या आधी तो त्यांना घ्यायचा होता. इतक्या जवळून इतक्या भरवशाने माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं, आणि हे तर बघतही नव्हते. मला एकदम कळलं की मावशी रोज दुपारी या भरवशासमोर बसते.

"मोटारीपाशी आली," मी म्हटलं. "बसली. नाही वळत, काका."

"खिडक्या?"

"घर दिसतच नाही. मागे राहिलं."

वाद्यं मोठ्याने वाजायला लागली. काका म्हणाले, "बंद कर ते." मी बंद केलं. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायची खटपट करत होतं. मग काकांनी विचारलं, "सिस्टर, किती वाजले?"

"सव्वाचार," मावशी पलंगावरून म्हणाली.

त्यांनी रेडिओ लावला नाही.

भाषणाच्या दिवशी हॉल भरला होता. व्यासपीठ म्हणजे दोन पायऱ्यांचा लाकडी चौथरा, त्यावर टेबल आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची मावशीसाठी होती. काकांनीच तसा आग्रह धरला होता. मंडळात पाऊल टाकायची तिची ही पहिली वेळ. ती रुग्णालयात बसायची तशी ताठ बसली आणि हॉल नीट बघून घेतला.

काका उभे राहिले. त्यांनी सिनेमाची गोष्ट सांगितली, न्यायाधीशाचं घर सांगितलं. मग म्हणाले, "हा सिनेमा मी अलीकडे परत अनुभवला. माझी निराशा झाली. न्यायाधीश माणसासारखा बोलतच नाही, सारखा निकाल वाचल्यासारखा बोलतो. धाकटी मुलगी भांडते ते बापाशी नाही, आपल्याला ऐकू जावं म्हणून. आणि जी जागा मी तुम्हाला आयुष्यभर सांगत आलो ती सिनेमात नाही. ती मुलगी वळत नाही. सिस्टरने बघितलं, आमच्या पुतणी..." इथे ते अडखळले, "भाचीनेही बघितलं."

पहिल्या रांगेतले कार्यवाह अर्धवट उठून म्हणाले, "वळते हो. मी पाहिलंय." आणखी एकाने दुजोरा दिला. मागे खसखस पिकली. काका थांबले, मान किंचित मावशीकडे केली आणि माइकमध्येच विचारलं, "हसताहेत का?"

सगळा हॉल ऐकत होता. ती 'नाही' म्हणाली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. मी तर तेच म्हटलं असतं.

"हो," मावशी म्हणाली. "मागच्या रांगेत दोघं. त्यांना वाटतंय तुम्ही विसरलात."

"बाकीचे?"

"ऐकताहेत."

काकांनी मान डोलावली. मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. "हा सिनेमा मी बघितला त्याच्या आदल्या महिन्यात मी घर सोडलं होतं. वडिलांशी भांडून. बॅग घेऊन निघालो, ते दारात उभे होते हे मला माहीत होतं. मी वळलो नाही. नंतर ते गेले आणि वळायला कोणी उरलं नाही. म्हणजे त्या मुलीला मीच वळवली असणार. खिडक्याही आमच्याच घराच्या असतील. आजवर ज्यांना ज्यांना मी ती गोष्ट सांगितली त्यांना मी सिनेमा सांगत नव्हतो. मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरातल्या एका माणसाने ते मला सांगितलं, मी तिच्यावर नाही नाही ते आरोप केले, तरी तिने शब्द बदलला नाही. चांगले डोळे होते तेव्हाही मला इतकं स्वच्छ दिसलेलं नाही."

ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग हळूच, पण माइक चालूच होता, म्हणाले, "आता?"

"आता कोणी हसत नाही."

"कार्यवाह?"

"चष्मा काढून बसलेत."

"आणि तू?"

मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिला याआधी कधी रडताना बघितलेलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही. तिने ते पुसलं नाही.

"मी रडतेय," ती म्हणाली, वॉर्ड सोपवताना बोलायची त्याच आवाजात.

"बरं," काका म्हणाले, आणि भाषण तिथेच संपलं. लोक टाळ्या वाजवायच्या की नाही या विचारात असतानाच मावशी उठली, त्यांच्या कोपराला हात लावून त्यांना चौथऱ्याच्या कडेपर्यंत घेऊन आली.

"पायरी आहे," ती म्हणाली.

काकांनी काठी बगलेत धरली आणि पाय खाली टाकला.